कॉर्नियाचा ‘सीएच’ मोजताना आणि वाचताना या चुका टाळा

काचबिंदूच्या फायलीत डोळ्यातला दाब, फील्ड (नजरेच्या कक्षेची चाचणी) आणि ओसीटीच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या स्कॅनच्या) जोडीला हल्ली ‘सीएच’ म्हणजे कॉर्नियल हिस्टेरेसिसचा आकडा दिसतो; कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. पहिली चूक तो वाचतानाच होते. ‘सीएच कमी, म्हणजे कॉर्निया मऊ,’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. यंत्र डोळ्यावर हवेचा झोत मारतं, कॉर्निया आत जाताना एकदा सपाट होतो आणि परत येताना पुन्हा एकदा. त्या दोन क्षणांच्या दाबांतला फरक म्हणजे सीएच: 21 आणि 11 आले, तर 10. हे मोजमाप धक्का पचवण्याचं आहे, कडकपणाचं नाही. गाडीची स्प्रिंग टणक असूनही शॉकअप गेलेलं असू शकतं ना, तसंच.

निरोगी डोळ्यांत हा आकडा साधारण 10-11 एमएम (पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं एकक) असतो. 2013 साली सॅन दिएगोच्या अभ्यासात दिसलं, की सीएच 1 एमएमने कमी असेल तर फील्ड इंडेक्स (किती नजर शाबूत आहे याची टक्केवारी) दरवर्षी 0.25 टक्क्याने जास्त घसरतो. म्हणून आकडा चुकीचा लिहिणं महागात पडतं.

ते मी स्वतः केलंय. गर्दीच्या ओपीडीत एका आजोबांचा सीएच 6.8 आला, मी तसाच लिहून दिला. पुढच्या व्हिजिटला जुना ग्राफ नीट पाहिला: दोनदा सपाट होण्याच्या दोन शिखरांपैकी पहिलं ठीक, दुसरं बसकं आणि दातेरी, वेव्हफॉर्म स्कोअर (ग्राफच्या दर्जाचे गुण) 10 पैकी 2.9. झोताला दचकून त्यांनी पापणी आवळली होती. पुन्हा मोजला तर 9.4. तेव्हापासून आधी ग्राफ, मग आकडा. झोत येणार हे पेशंटला आधी सांगायचं, पहिलं रीडिंग सवयीचं समजून सोडायचं आणि पुढची तीन-चार जुळली तरच लिहायची. कॉन्टॅक्ट लेन्स काढलेली हवी. गोल्डमनचा दाब (डोळ्याला टेकवून मोजायचा) नंतर घ्या, आधी भूल आणि रंगाचा थेंब पडला तर अश्रूंचा थर बिघडतो.

सीएच वाढला म्हणून खूश होऊ नका. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब उतरला की सीएच आपोआप वर जातो. म्हणून त्याच वेळचा दाब शेजारी लिहा, नाहीतर दोन व्हिजिटांची तुलनाच करू नका.

लॅसिक झालंय का, हे मुद्दाम विचारा. ‘कुठलं ऑपरेशन?’ म्हटलं की लोक मोतीबिंदू सांगतात; चष्मा घालवलेला त्यांच्या लेखी आजारात बसतच नाही! लॅसिकनंतर सीएच घटतो आणि दाबही खोटा कमी दिसतो.

कॉर्नियाची जाडी मोजली म्हणजे सीएचचं काम झालं, हेही खरं नाही. जाड कॉर्नियाचाही सीएच कमी असू शकतो.

आणि कॉर्व्हिस या दुसऱ्या हवेच्या झोताच्या यंत्राचा कडकपणाचा आकडा सीएचच्या रकान्यात लिहू नका. ते यंत्र कॅमेऱ्याने सेकंदाला चार हजारांवर फोटो काढून कॉर्निया किती वाकला ते बघतं. त्याचा रकाना वेगळा ठेवा.