खान्देशात घर डिझाइन करताय? आधी मे महिन्यात क्लायंटच्या घरी जाऊन बसा

आपली पोरं पुण्याहून आर्किटेक्चर करून जळगाव-धुळ्याला परत येतात आणि पहिल्याच बंगल्याला पश्चिमेकडं खालपासून वरपर्यंत काच ठोकतात. मीपण ठोकली होती, भुसावळला. पहिल्याच मे महिन्यात घरच्यांनी बाहेरून हिरवी नेट बांधली ती आजही तशीच आहे.

तेव्हापासून पहिली मीटिंग मी ऑफिसात घेतच नाही. क्लायंटच्या आत्ताच्या घरी जायचं, शक्यतो उन्हाळ्यात दुपारी २ नंतर. किती बेडरूम पाहिजेत ते शेवटी विचारा, आधी बघा कोण कुठं आडवं झालंय. बऱ्याचदा अख्खं घर एका कूलरच्या खोलीत असतं आणि आपण डोक्यात चार बेडरूम घेऊन गेलेलो असतो. घरातल्या बायकांशी वेगळं बोला, चारचौघात त्या स्वयंपाकघराबद्दल सगळं सांगत नाहीत. पापड-कुरडया कुठं वाळवता, वर्षाचे गहू कुठं ठेवता, खापरावरची पुरणपोळी आणि भरीत कुठं करता? मॉड्युलर किचनमध्ये कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता येत नाहीत भो, त्यामुळं मागच्या दारी चुलीचा ओटा आणि वर धूर जाईल असं छप्पर प्लॅनमध्ये पहिल्यापासून पाहिजे. गच्चीचा जिना साडेतीन फुटांपेक्षा अरुंद नको, कुरडयांची पाटी घेऊन चढायचंय.

मग जमीन. तापी-गिरणेच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती, ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तिरके तडे देते. प्लॉटवर एक-दोन खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला तेव्हाच बोलवा, प्लॅन फायनल झाल्यावर नाही. फुटिंगच्या (पायाच्या) खड्ड्यातली काळी माती काँट्रॅक्टर परत प्लिंथमध्ये (जोत्यात) भरायला बघेल कारण ती फुकट असते, तिथं मुरूमच भरून घ्या. घराभोवती तीनेक फुटांची उताराची फरशी करा आणि बागेचं पाणी भिंतीपासून लांब ठेवा.

उन्हाचं गणित सोपंय. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, डिसेंबरात दक्षिणेकडं क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास. म्हणून दक्षिणेच्या ४ फूट उंचीच्या खिडकीला २ फुटी छज्जा दिला की उन्हाळ्यात ऊन बाहेर राहतं आणि थंडीत खालच्या अर्ध्या भागातून आत येतं. पश्चिमेला मात्र छज्जा फार कामाचा नाही, सूर्य खाली उतरलेला असतो. तिकडं जिना, बाथरूम, स्टोअर टाका, खिडक्या कमीत कमी.

कूलर हा इथला खरा पाहुणा आणि प्लॅनमध्ये त्यालाच कोणी जागा देत नाही. मग मागाहून ग्रिल कापून बसवतात. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, नळ लागतो, पाणी सोडायला पाइप लागतो, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला झरोका लागतो, नाहीतर खोली नुसती दमट होते. (पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, तिथं पंखाच.)

स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, म्हणून वरून पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर). जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत जाड मातीच्या भिंती असूनही रात्री माणसं बाहेर नाहीतर धाब्यावरच झोपायची. आजही झोपतात, त्यामुळं गच्चीवर एक नळ, लाइटचा पॉइंट आणि उंच कठडा द्याच.

खोदाईच्या आधी शेवटचं काम म्हणजे अख्खा प्लॅन प्लॉटवर चुन्याची फक्की मारून आखा आणि घरच्यांना त्यात फिरवा. कागदावर १० बाय १२ कुणाला कळत नाही. एका क्लायंटच्या वडिलांनी तर खरंच घरून खाट आणून बेडरूमच्या रेघांत टाकली आणि दार खाटेला आपटणार हे तिथंच दिसलं. दार सरकवलं, परत फक्की मारली, खर्च एक पोतं चुना.