मूल वाचतच नाही? आधी एक पान ऐकून बघा

पोरगं पुस्तकाला हातच लावत नाही म्हणून ओरडायच्या आधी एक करा. त्याला जवळ बसवून कुठलंही एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका, मध्ये दुरुस्त करू नका. जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी ठोकून देतंय का, ओळ सुटतेय का, पान संपल्यावर काय झालं ते सांगता येतंय का. बऱ्याच मुलांच्या बाबतीत आपण ज्याला कंटाळा म्हणतो ना ती खरं तर दमणूक असते, सगळं लक्ष अक्षरं लावण्यातच संपतं मग गोष्टीची मजा घ्यायला डोक्यात जागाच उरत नाही, आणि ज्यात मजा नाही ते कोण कशाला करेल.

ओळी सारख्या सुटत असतील, डोळ्यातून पाणी येत असेल, पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. बोलण्यात एकदम हुशार पण सराव करूनही वाचन पुढे सरकत नाही असं असेल तर डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशार असूनही अक्षरं-शब्द वाचणं मुळातच अवघड जाण्याची, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. प्लीज त्याला आळशी म्हणू नका, ते शब्द मुलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

बाकीच्यांसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुम्ही वाचून दाखवणं. नऊ-दहा वर्षांचं झालं तरीही. मुलांना ऐकून जे समजतं ते या वयात स्वतः वाचून समजतं त्यापेक्षा बरंच पुढचं असतं, म्हणून स्वतः वाचताना वाट्याला येणाऱ्या बाळबोध गोष्टी त्यांना बोअर होतात आणि आवडतील अशा गोष्टी वाचवत नाहीत. तुम्ही वाचलंत की ही अडचणच जाते. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे, झोपताना वगैरे.

मग हळूहळू काम त्याच्याकडे सरकवायचं. संवाद असलेली गोष्ट घ्या आणि एका पात्राची वाक्यं त्याला द्या, उंदराची वाक्यं त्याची, बाकी सगळं तुमचं. वाक्यं छोटी असतात म्हणून दमत नाही, पण आपली पाळी कधी येते हे कळायला त्याला तुमच्या ओळींवरूनही नजर फिरवावी लागते, म्हणजे न सांगता वाचन चालूच. अडलं तर दोन-चार सेकंद थांबा, नाहीच आलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, "नीट बघ" म्हणून तिथेच अडवून ठेवू नका. आणि कधीतरी ऐन रंगात, दार उघडतंय आणि आत कोण आहे ते कळायच्या आधी, थांबायचं. "उरलेलं उद्या" म्हणायचं आणि पुस्तक तिथेच ठेवून जायचं. तू वाच असं अजिबात म्हणायचं नाही.

पुस्तक त्यालाच निवडू दे. कॉमिक्स, डायनासोर, विनोद, गेमची माहिती, सगळं वाचनच आहे. तेच पुस्तक दहा वेळा वाचलं तर उत्तम, त्यानेच वेग येतो. अर्धवट सोडलं तरी चालेल. झेपेल का हे बघायला बोटांची युक्ती आहे, एका पानावर न येणारा शब्द आला की एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर ते आत्ता तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक.

बक्षिसांचं मात्र जपून. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर त्या मुलांनी आपणहून चित्रं काढणं कमी केलं. वाचनाची आवड नुकती कुठे फुटत असेल तर तिचंही असं होऊ शकतं. आणि "दोन पानं वाच मग मोबाईल देते" हे तर नकोच, त्यातून मोबाईल म्हणजे मजा आणि पुस्तक म्हणजे शिक्षा एवढंच मुलाच्या डोक्यात बसतं.

एखाद दिवशी आपणहून कोपऱ्यात वाचत बसलेलं दिसलं तर लगेच काय शिकलास, सारांश सांग असं विचारू नका. नंतर कधीतरी तुम्हीच गोष्टीतल्या एखाद्या पात्राबद्दल सहज म्हणा, "तो शेजारचा काका मला पहिल्यापासून लबाड वाटत होता," आणि गप्प बसा, बोलायचं असेल तर ते बोलेल.