प्रेग्नन्सीतली शुगर: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की आपण आधी शेजारची नॉर्मल रेंज बघतो, आकडा तिच्यात बसला की फाईल पिशवीत घालून खानापूरची नाहीतर निपाणीची बस धरायची. पण ती छापलेली रेंज बऱ्याचदा सगळ्यांसाठीची असते, गरोदर बाईसाठीची नसते. उपाशीपोटी शुगर 96 आली तर कागद नॉर्मल म्हणतो, कारण तिथं 70 ते 100 छापलंय, आणि गरोदरपणातल्या ग्लुकोज टेस्टमध्ये मात्र उपाशीपोटी 92 च्या वर गेलं की डॉक्टर थांबून विचार करतात. तेव्हा रेंज बघून स्वतःच निकाल लावू नका, कितवा महिना चालू आहे ते सांगून डॉक्टरांना कागद दाखवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो टेस्टच्या दोन पद्धतींमुळं. सरकारी दवाखान्यात सहसा उपाशी आहे की जेवून आलीय ते बघत नाहीत, 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतात, 140 किंवा जास्त आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात. दुसऱ्या पद्धतीत रात्रीपासून उपाशी राहून तीनदा रक्त देतात, उपाशीपोटी 92, एका तासानं 180, दोन तासांनी 153, यातला एकजरी आकडा गाठला तरी डायबेटिस. आता बघा, दोन तासांचा आकडा 148 आला तर पहिल्या पद्धतीत तो डायबेटिस आणि दुसऱ्या पद्धतीत तोच चालतो. गावात एक टेस्ट झाली, मग बेळगावात दुसरी झाली, की घरातली माणसं ज्यात बरं लिहिलंय तो कागद धरून बसतात. असं करू नका, दोन्ही कागद न्या आणि कुठली टेस्ट कशी केली होती ते सांगा.

टेस्टच्या दिवशीच्या चुका छोट्या असतात पण आकडा बदलतात. दोन तास मोकळे आहेत म्हणून गणपत गल्लीत खरेदीला जाऊन यायचं, मधेच चहा-बिस्कीट घ्यायचं, हे नको, तिथंच बसून राहा. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती टेस्ट धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत करतात, म्हणून उलटी लपवू नका. आणि गावातल्या कलेक्शन सेंटरमधून सॅम्पल शहरात जाणार असेल तर शुगरसाठी राखाडी टोपणाची ट्यूब वापरतात का ते विचारा, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के शुगर कमी होते आणि वाढलेला आकडा नॉर्मल दिसतो. विचारायला लाजू नका ओ, तुमचा हक्क आहे तो.

पहिल्या तपासणीत नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असं नाही. वारेतले हार्मोन्स जसे वाढतात तसं इन्शुलिनचं काम अडतं, म्हणून 24 ते 28 आठवड्यांत परत टेस्ट करायचीच. लघवीत शुगर नाही म्हणून रक्ताची टेस्ट टाळणं पण चूक, आणि नुसत्या एचबीएवनसीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) पण भागत नाही, अंगात रक्त कमी असलं की तो आकडा फसवतो.

डायबेटिस निघाल्यावर आणखी एक घोटाळा होतो. घरी मीटरवर जेवणानंतर दोन तासांनी 135 आलं की म्हणतात 140 च्या आत आहे, बरंय. पण ते 140 ग्लुकोज पिऊन केलेल्या टेस्टचं आहे. रोजचं टार्गेट सहसा उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर एका तासानं 140 च्या आत आणि दोन तासांनी 120 च्या आत असतं, आणि वेळ पहिल्या घासापासून मोजायची. बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा, आंबा नाहीतर गूळ हाताळलेल्या बोटाला शुगर भलतीच जास्त दिसते.

खाण्याचं काय सांगू, डोहाळजेवणात कुंदा, करदंट, पुरणपोळी सगळं प्रेमानं पुढं येतं आणि नको म्हणायचं जिवावर येतं. गुळानं शुगर वाढत नाही असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं. गूळ, काकवी, उसाचा रस, उपासाचा साबुदाणा, सगळ्यानं वाढते. जोंधळ्याची भाकरी चांगली, पण ती पण मोजूनच, सोबत उसळ, पालेभाजी, दही, अंडं असू दे. पण घाबरून जेवण बंद करणं त्याहून वाईट, उपाशी राहिलं की अंगात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात आणि बाळाला ते चांगलं नाही. तीन वेळा जेवण, मधे दोन-तीनदा थोडं थोडं.

दोन आठवडे पथ्य पाळून पण आकडा खाली येत नसेल तर गोळी नाहीतर इन्शुलिन लागतं. इन्शुलिनला घाबरून टाळाटाळ करू नका, मी हात जोडून सांगते. आईची वाढलेली साखर वारेतून बाळाकडं जाते, इन्शुलिन सहसा जात नाही. बाळ मग स्वतःचं जास्त इन्शुलिन बनवतं, अंगानं मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली येते, म्हणून पहिल्या तासात अंगावर पाजणं आणि बाळाची शुगर बघणं महत्त्वाचं. इन्शुलिन चालू असताना घाम, थरथर, चक्कर आली आणि मीटरवर 70 च्या खाली दिसलं तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्या आणि डॉक्टरांना कळवा.

आपल्याकडं बरीच माहेरं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची, बाळंतपणाला तिकडं जाताना तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदींचं सरकारी कार्ड) नेतातच, पण त्यावरचं कन्नड तिकडं वाचता येईलच असं नाही. म्हणून लॅबचे मूळ रिपोर्ट, मीटरची वही आणि इन्शुलिनचा डोस लिहिलेला कागद वेगळ्या पिशवीत ठेवा.

डिलिव्हरीनंतर शुगर बहुतेक वेळा खाली येते आणि मग विषय बंद होतो. पण सहा आठवड्यांनी 75 ग्रॅमची टेस्ट परत करायची असते, कारण पुढं कायमचा डायबेटिस व्हायचा धोका अशा बायकांना जास्त असतो. बाळाला दीड महिन्याच्या लसीला नेणार असता तेव्हाच आपली पण टेस्ट लावून घ्या, त्या दिवशी सकाळी उपाशी जा आणि सोबत कुणीतरी बाळाला धरायला घ्या.