दिवाळी फराळाचे ईमेल परदेशी पाठवताय? या चुका टाळा

गणपती उठले की पुण्या-ठाण्यातल्या फराळवाल्यांची परदेशी पार्सलांची लगबग सुरू होते आणि जुन्या गिऱ्हाइकांना धडाधड ईमेल सुटतात. पाठवणारा निर्धास्त असतो, कारण आपल्याकडे जाहिरातीच्या ईमेलसाठी वेगळा स्पॅम-कायदा नाही. ते खरंच आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. पण परदेशातले नियम ईमेल कुणाला जातो ते बघतात. तुमच्या एक्सेलमध्ये गिऱ्हाइकाच्या देशाचा रकाना नसेल, तर आधी तो घाला.

कारण देशागणिक गणित उलटं होतं. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४पासून लागू आहे. तो आधी परवानगी घ्यायला लावत नाही. नको म्हटल्यावर थांबा, एवढंच सांगतो. कॅनडात १ जुलै २०१४पासून आधी संमती, मग ईमेल. खरेदी केलेल्या माणसाची संमती २ वर्षं गृहीत धरता येते, नुसती चौकशी करणाऱ्याची ६ महिने. म्हणजे टोरंटोच्या काकूंनी तीन दिवाळ्यांपूर्वी एकदाच अनारसे मागवले असतील, तर आज त्यांना ईमेल पाठवणं नियमाबाहेर. कंपनीला दंड १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. ओळखीतून मिळालेली मंडळाची यादी तर तिथे चालतच नाही. संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवणंही नाही.

मग काही हुशार मंडळी जुन्या यादीला विचारतात, ‘आमचे ईमेल चालू ठेवू ना?’ ब्रिटनमध्ये यात मोठमोठे फसलेत. मार्च २०१७मध्ये तिथल्या माहिती आयुक्तालयाने फ्लायबी या विमान कंपनीला ७० हजार पौंड दंड केला. जाहिराती नकोत असं सांगितलेल्या लोकांना तिने ‘तुमची माहिती बरोबर आहे ना?’ असे ३३ लाखांहून जास्त ईमेल पाठवले होते. त्याच वेळी होंडाच्या युरोपीय कंपनीलाही संमती विचारणाऱ्या ईमेलपायी १३ हजार पौंड भरावे लागले. संमती मागणारा ईमेल हाही जाहिरातीचाच धरला जातो.

आता नेहमीची तक्रार: ‘अनसबस्क्राइब केलं, तरी तुमचे ईमेल येतात.’ बहुतेक वेळा बिघाड सॉफ्टवेअरमध्ये नसतो. नाव ईमेल सेवेतून निघालेलं असतं, पण ऑर्डरच्या वहीत राहतं, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तीच जुनी एक्सेल पुन्हा चढवतं. म्हणून नकार देणाऱ्याचं नाव नुसतं खोडू नका. ‘पाठवायचं नाही’ अशी वेगळी यादी ठेवा आणि दर वेळी तिच्याशी ताडून पाहा. नकार आल्यावर ईमेल थांबवायला अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे मुदत कामाच्या १० दिवसांची आहे. अमेरिकेच्या नियमाने अनसबस्क्राइबची लिंक ईमेल गेल्यावर निदान ३० दिवस चालली पाहिजे, आणि बाहेर पडायला लॉगिन, फोन नंबर किंवा कारण मागता येत नाही. (‘आमचं काय चुकलं?’ असा पाच प्रश्नांचा फॉर्म पुढे करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

विषयाच्या ओळीत ‘तुमचं पार्सल निघालं’ आणि आत नव्या लाडवांची जाहिरात, हे दिशाभूल करणारं ठरतं. ईमेलच्या तळाशी टपालाचा खरा पत्ता हवा; इन्स्टाग्रामचं नाव आणि व्हॉट्सॲप नंबर पुरत नाहीत. काम एजन्सीला दिलं असलं, तरी जबाबदारी तुमच्याही गळ्यात राहते.

ईमेल थेट स्पॅममध्ये जात असतील, तर तो प्रश्न कायद्याचा नसेलही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने दिवसाला ५ हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (ईमेल खरंच तुमच्याच नावाने गेलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) आणि एका क्लिकचं अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. माझ्या मते छोट्या फराळवाल्याला दंडाआधी हाच फटका बसतो.

आणि आपल्याकडची मोकळीकही फार दिवसांची नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं तो कायदा म्हणतो. तेव्हा देशाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखून टाका: होकार कधी दिला आणि कुठे दिला.