गोव्यात वेबवाल्यांचा ग्रुप सुरू करायचाय? आधी बसचं टायमिंग बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, आपल्याकडे वेब डिझायनर-डेव्हलपर लोकांचा ग्रुप का नाही, पुण्या-बेंगळुरात आहेत तसा. होऊ शकतो. आम्ही फोंड्याला केला, पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा जमला, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

पहिली चूक म्हणजे आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपपासून सुरुवात केली. आठवड्यात साठ-सत्तर जण आले, सगळे 'येतां येतां' म्हणाले आणि प्रत्यक्ष भेटीला आलो चौघे. मग ग्रुपात गुड मॉर्निंग, नोकरीच्या जाहिराती, फॉरवर्ड, आणि दोन महिन्यांत सगळं थंड. दुसऱ्या वेळी उलट केलं, आधी पाच माणसं धरली, प्रत्येकाला फोन करून, मेसेज नाही हां, फोन. तारीख आणि जागा पक्की केली आणि भेट झाल्यावरच ग्रुप बनवला, त्यात फक्त आलेलेच लोक. पाच माणसं पुरेशी आहेत, फक्त त्यातले दोन तरी डिझाइनवाले असू द्या, नाहीतर सगळे डेव्हलपर जावास्क्रिप्टवर, म्हणजे कोडच्या गप्पांवर, सुटतात आणि फिग्मावाला (फिग्मा म्हणजे डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) बिचारा गप्प बसून चहा पितो, पुढच्या वेळी येत नाही.

आता जागा. गोवा छोटा आहे असं सगळे म्हणतात, पण पेडण्याहून मडगावला संध्याकाळी बसने जाऊन परत येऊन दाखवा म्हणजे कळेल किती छोटा ते. प्रत्येकाकडे गाडी नसते, विद्यार्थ्यांकडे तर नसतेच, आणि रात्री आतल्या गावांच्या बसेस लवकर संपतात. म्हणून जागा बसस्टँडपासून चालत जाता येईल अशीच बघा. पणजीत पाटोचा भाग सोयीचा, कदंबचं, म्हणजे सरकारी बसचं, स्टँड तिथंच, म्हापसा, मडगाव, वास्कोच्या शटल (मध्ये न थांबणाऱ्या बस) तिथूनच सुटतात. पाटोलाच कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, तिथं बसायचं तर आधी रीतसर विचारा, वाचायला आलेल्यांना त्रास देऊन आपला ग्रुप नको. फोंडा आम्ही निवडलं कारण ते मधोमध पडतं, पणजीहून तीसेक किलोमीटर, मडगावहून त्याहून कमी, डिचोली-साखळीवाल्यांनाही जमतं, आणि फर्मागुडीचं इंजिनीअरिंग कॉलेज शेजारी, म्हणजे मुलं येतात. कोणाचं ऑफिस, क्लासची खोली, वाचनालयाची खोली, काहीही चालेल. बारमध्ये मात्र नको. मला माहीत आहे सोपं पडतं, पण दुसऱ्या वर्षाची मुलगी घरी काय सांगून येणार? ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच लोक अशा जागेमुळे गळतात.

वार शनिवार, वेळ दुपारी चार ते साडेसहा. रविवारी मासळीचं जेवण आणि झोप, ते कोणी सोडत नाही आणि सोडूही नये, शिवाय रविवारी बसेस कमी. महिन्यातला एकच शनिवार ठरवा, समजा दुसरा, आणि तो हलवू नका. तिघेच येणार असं कळलं तरी भेट घ्या! एकदा रद्द केली की लोक दर वेळी 'आहे ना नक्की?' विचारायला लागतात.

सुरुवात कधी करायची हेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बरंच काम हॉटेल, होमस्टे, टूरवाल्यांचं, आणि त्यांना ऑगस्टमध्ये जाग येते की ऑक्टोबरला सीझन सुरू होतो, साइट नवी पाहिजे. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर सगळे कामात बुडालेले, मध्ये चतुर्थी, तेव्हा तर आख्खा गोवा गावच्या घरी. जून-जुलैत पाऊस, लायट जाते, नेट जातं. म्हणून नोव्हेंबरमध्ये सुरू करा, पावसाआधी सहा-सात भेटी पदरात पडतात. तारीख ठरवताना जत्रा पण बघा, वैशाखात शिरगावला लईराई देवीची जत्रा असते, धोंड, म्हणजे तिचे व्रत धरणारे भक्त, असलेली माणसं आधीचे काही दिवस व्रतात असतात, त्यांना बोलावून उपयोग नाही.

भेटीत करायचं काय? कृपा करून पहिल्याच भेटीला भाषण ठेवू नका. आमचा नियम साधा, प्रत्येकाने एक बिघडलेली गोष्ट आणायची. उदाहरण सांगतो. साखळीची एक मुलगी देवस्थान समितीची साइट करत होती, मराठीत. लॅपटॉप टीव्हीला जोडला तर वर मोठ्या अक्षरात देवस्थानचं नाव, आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर तुटलेली, दात पडल्यासारखी. टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं, त्यात लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं, देवनागरीत ते दिलं की अक्षरं लांब जातात आणि रेघ तुटते. ते शून्य केलं, रेघ जुळली. मग खाली बघितलं तर दोन ओळींमध्ये वेलांट्या आणि उकार एकमेकांना घासतायत, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवली. मग एक डिझायनर म्हणाला, ते 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसतायत, आपले नाहीत. पानाच्या कोडमध्ये भाषा हिंदी लावलेली होती, 'एचआय', ती 'एमआर', म्हणजे मराठी, केली आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं होती म्हणून ती आपोआप आली. वीस मिनिटांत तिघांनी मिळून साइट उभी केली. तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. मराठी-कोंकणी साइटचे हे प्रश्न आपल्यालाच पडतात, त्यामुळे विषय कमी पडत नाहीत.

वीसेक लोक व्हायला लागले की बारकॅम्पची पद्धत वापरा, २००५ साली अमेरिकेत पालो आल्टोला सुरू झाली, त्यात वक्ते आधी ठरवत नाहीत, आल्यावर फळ्यावर आपापला विषय लिहायचा आणि ज्याला जे ऐकायचंय तिथं तो बसतो. मे महिन्यात तिसऱ्या गुरुवारी ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी याचा, जागतिक दिवस असतो, २०१२ पासून, त्याच्या जवळच्या भेटीला माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर स्वतःची साइट चालवून बघा. बुकिंगच्या बटणापर्यंत पोचता येतं का? आमच्या निम्म्या साइट तिथंच अडकल्या.

पैशाचं फार मनावर घेऊ नका. भाजी-पाव आणि चहा, तेवढंच, जीपेने वाटून घ्या, विद्यार्थ्यांकडून घेऊ नका. सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात सभासद लागतात, पण पहिलं वर्ष त्याच्या मागे लागू नका, स्पॉन्सरच्याही.

क्लायंटचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. मदत मागताना कोणी क्लायंटचं नाव दाखवलं तर त्याला दुसऱ्याने जाऊन कोटेशन द्यायचं नाही. आमच्याकडे हे एकदा घडलं आणि दोन चांगली माणसं कायमची तुटली, अजून वाईट वाटतं. दर किती घेता हे मात्र मोकळेपणाने सांगा, नवीन मुलं पाच हजारात आख्खी साइट देतात कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून किल्ली दुसऱ्याकडे द्या, खरोखरची किल्ली, खोलीची. जागा उघडणं, टीव्हीची एचडीएमआय वायर आणणं, नवीन आलेल्याला दारात जाऊन 'यो, बस' म्हणणं, हे दर वेळी वेगळ्या माणसाचं काम. निघायच्या आधी पुढच्या महिन्याचा माणूस तिथंच ठरवायचा. आमच्याकडे या महिन्यात किल्ली साखळीच्या त्या मुलीकडे आहे.