भाजीचे वाफे शहरातल्या लोकांना देताय? मग दर वर्षाचा लावा

मुळशीकडे आमची शेती आहे. त्यातल्या दहा गुंठ्यांत आम्ही पुण्यातल्या कुटुंबांना भाजीचे वाफे देतो. हल्ली गावाकडची बरीच मुलं विचारतात, "दादा, गुंठ्याला काय भाव घेऊ?" गुंठ्याचा भाव काढूच नका. जमीन आपली आणि आपल्याच ताब्यात राहते. आपण पैसे घेतो ते पाण्याचे, मशागतीचे आणि आठवडाभर वाफा सांभाळण्याचे.

करारातही हेच स्पष्ट दिसलं पाहिजे. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन खंड घेतलात, तर 1948 चा कूळ कायदा आड येतो. कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस घरचा किंवा मजूर नसेल, तर तो कूळ ठरू शकतो. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला तेव्हाची कुळं जमिनीची मालक मानली गेली, म्हणून हा विषय तिथेच मिटला, असं समजू नका. त्यानंतरच्या कुळांसाठीही कायद्यात तरतूद आहे. म्हणून ताबा आणि मशागत आपली, पाहुण्याला ठरलेल्या वाफ्यातली भाजी आणि तिथे राबायची मुभा, असं वकिलाकडून नीट लिहून घ्या. नेटवरचा तयार भाडेकरार उचलू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यासाठीची पिकाची नोंद, दरवर्षी स्वतःच्या नावाने करा. सातबारा सामाईक असेल तर भावाबहिणींची लेखी संमती आधी घ्या, वाफे नंतर पाडा.

आखणी सोपी आहे. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. चार फूट रुंद, तीस फूट लांब असे सहा गादीवाफे त्यात बसतात. मधे दीड फुटाच्या पायवाटा, एका टोकाला तीन फुटांची वाट. म्हणजे 1089 पैकी 720 चौरस फूटच लागवडीला मिळतात. वाफा चार फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे, नाहीतर लोक वाफ्यात पाय देतात आणि माती दबते. आमच्याकडच्या पावसात गादी नऊ इंच तरी उंच हवी.

आता ज्यात मी अडकलो ते. मी दर महिन्याचा ठेवला होता. दसऱ्यानंतर लोक हौसेने आले. थंडीत मेथी महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबीर दीड महिन्यात, सगळे खूश. मार्च संपत आला तशा मुलांच्या परीक्षा, मग सुट्टी, मग गावची लग्नं, आणि एकेक जण म्हणू लागला की जूनमध्ये बघू. नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात जास्त लागतं. कडक उन्हात भाजीला चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर धरा. आपला वाफा अकरा चौरस मीटरचा, म्हणजे त्याला सत्तर लिटरच्या आसपास. थंडीत निम्म्यात भागतं. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून साठवणीची टाकी लागतेच. गड्याचा पगार तर बाराही महिने चालू. पैसे हिवाळ्यात येतात आणि खर्च उन्हाळ्यात वाढतो. दर वर्षाचाच लावा. फार तर दोन हप्ते द्या, पण दुसरा संक्रांतीच्या आत घ्या.

उदाहरण म्हणून हिशेब मांडतो, आकडे तुमचे घाला. एका गड्याचे वर्षाला 1,80,000, खत-बी-रोपं 60,000, ठिबक, मोटर आणि कुंपणाची डागडुजी 30,000, आपली स्वतःची मेहनत 1,20,000. एकूण 3,90,000. दहापैकी एक गुंठा टाकी, खताचा खड्डा आणि गाड्यांना गेला, उरल्या नऊ गुंठ्यांत 54 वाफे. 54 ने भागलं तर दर सव्वासात हजाराच्या आत येतो आणि मनाला बरं वाटतं. तसं करू नका. 39 च भरतील असं धरा, दर 10,000 येतो. स्वतःच्या मेहनतीचा आकडा खोडून दर खाली आणणारे दुसऱ्या वर्षी थकून सोडतात, हे मी जवळून पाहिलंय.

दोन दिवसांच्या शिबिरात 'मॉडेल' विकणाऱ्यांना पैसे देण्याआधी त्यांचा स्वतःचा वाफा मे महिन्यात बघायला मागा. माझं मत विचाराल तर माती तपासायला कृषी विज्ञान केंद्र आणि बाकी सगळ्याला गावातली भाजी पिकवणारी एखादी मावशी, एवढे गुरू पुष्कळ झाले. पावसाळ्यात मांडव करून दोडका-काकडी चढवायचं आम्हाला अशाच एका मावशींनी सुचवलं. त्यामुळे जून ते सप्टेंबर लोक टिकले.

पहिल्या वर्षी निम्मे वाफे रिकामे राहिले तरी घाबरू नका. सगळ्यांचंच तसं होतं. रिकाम्या वाफ्यांत पालक-कोथिंबीर टाका आणि रविवारी आलेल्यांना फाटकाशीच जुड्या विका. ती घेणारी माणसं बरेचदा पुढच्या दसऱ्याला स्वतःचा वाफा मागायला येतात.