पत्र्यावर किंवा स्लॅबवर पीयू फोम मारून घ्यायचाय? आधी काय बघायचं

आमच्याकडे हा फोम दोनदा मारून झालाय. एकदा दाजींच्या शेडच्या पत्र्यावर आणि एकदा आईच्या घराच्या स्लॅबवर. शेडवरचा अजून मस्त आहे, स्लॅबवरचा दोन वर्षांत उचकटून टाकायला लागला, आणि मटेरियल दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. त्यामुळे आता कुणी विचारलं की पफ मारू का, तर मी हो-नाही सांगायच्या आधी एकच विचारतो, छत कोरडं आहे का? वरून नाही, आतून.

आधी ही वस्तू काय ते थोडक्यात. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कुणी पफ म्हणतं, कुणी पीयूएफ, कुणी स्प्रे फोम. दोन ड्रम येतात, एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि त्यातच फोम फुगवणारं, आग कमी धरणारं वगैरे बाकीचं सगळं मिसळलेलं. मशीन दोन्ही गरम करून होजमधून गनपर्यंत आणते आणि गनच्या तोंडाशी दोन्ही सारख्या मापात एकत्र होतात. पत्र्यावर पडताना पातळ ताकासारखं दिसतं आणि काही सेकंदांत पंचवीस-तीस पट फुगून वर येतं, मिनिटभरात वरून हात लावला तरी चिकटत नाही. बघायला भारी वाटतं, दाजींच्या शेडवर अर्धी गल्ली बघायला जमली होती. ऑनलाइन जे ७५० एमएलचे फोमचे कॅन मिळतात ते खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवायला असतात, त्याने छप्पर करायचा उद्योग करू नका.

फायदा पहिला अर्थात उष्णतेचा. काँक्रीटमधून उष्णता जेवढी सहज जाते त्याच्या साधारण साठाव्या हिश्शाने ह्या फोममधून जाते, म्हणजे दोन इंच फोम हा उष्णतेला दहा फूट जाड काँक्रीटएवढा अडथळा झाला. हे ऐकून लोक लगेच एसी विकायला काढतात, तसं नसतं, भिंती आणि पश्चिमेच्या खिडक्या आपलं काम करतच राहतात. पण दुपारी पंखा लावला की डोक्यावर गरम हवा ओतल्यासारखं होतं ना, ते थांबतं. शेडमध्ये फरक जास्त कळतो कारण पत्र्यात ऊन अडवायची काही ताकदच नसते, ऊन पडलं की दहा मिनिटांत तवा.

दुसरा फायदा वजनाचा. दोन इंच फोमचं वजन चौरस मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. जुन्या पद्धतीचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चार इंच घातला तरी चौरस मीटरला दोनशे किलोच्या जवळ जातो. जुनी इमारत असेल, स्लॅबचं पोट आधीच पोपडे टाकत असेल तर हा फरक छोटा नाही. आणि तिसरं म्हणजे जॉइंट नसतो. पत्र्याची गळती बऱ्याचदा J आकाराच्या हुकच्या आणि स्क्रूच्या वॉशरमधून असते, फोम त्या सगळ्या बोंडांवरून अखंड जातो. पावसाचा ताशाही कमी होतो, दाजी म्हणाले पहिल्यांदाच जुलैत शेडमध्ये फोनवर बोलता आलं.

आता तोटे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण कॉन्ट्रॅक्टर हे सांगत नाही.

फोमला ऊन अजिबात चालत नाही. उघडा ठेवला तर आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि वरचा थर पिठासारखा हाताला लागायला लागतो. म्हणून वर कोटिंग लागतंच, ॲक्रिलिक, सिलिकॉन किंवा पीयूचं. त्याच आठवड्यात, जमल्यास दुसऱ्याच दिवशी. "फोम आत्ता मारू, कोटिंग पुढच्या महिन्यात बघू" असं कुणी म्हणालं तर काम देऊ नका. ॲक्रिलिक स्वस्त, पण पाणी साचून राहणाऱ्या जागी टिकत नाही. सिलिकॉन साचलेलं पाणी सहन करतं, पण धूळ धरतं, ओलं झालं की पाय सटकतो, आणि सिलिकॉनवर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही, परत सिलिकॉनच मारावं लागतं. म्हणून कुठलं कोटिंग मारलं ते बिलावर लिहून घ्या, दहाएक वर्षांनी परत मारायची वेळ येईल तेव्हा आपल्यालाच आठवत नसतं.

आपल्याकडच्या गच्चीचा अजून एक प्रॉब्लेम म्हणजे गच्ची वापरात असते. पापड, गव्हाचं वाळवण, टाकीवर चढायची शिडी, डिशवाला, सोलरवाला, पतंगाच्या दिवसांत पोरं. नुसत्या कोटिंगवर हे चालत नाही, खुर्चीचा पाय रुतला तरी भोक पडतं. वावर असेल तर क्रम असा पाहिजे की आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, त्यावर फोम, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, आणि त्यावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) टाकून उताराचा सिमेंटचा थर, तोही तुकड्या-तुकड्यात, मध्ये सांधे ठेवून. म्हणजे वजन परत वाढलं आणि खर्चही. हे सगळं धरून कोटेशन मागा, नाहीतर फोमचा रेट बघून आपण खूश होतो आणि पुढचं एक्स्ट्रामध्ये येतं.

पक्षी. हे मला माहीतच नव्हतं. कावळे चोच मारून फोम उकरतात, का ते त्यांनाच माहीत. घूस-उंदीर कोपऱ्यात पोखरतात ते वेगळं.

आग. फायर रिटार्डंट ग्रेड म्हणजे जळतच नाही असं नाही. पेटला की काळा दाट धूर, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. शेडच्या आतून, पत्र्याच्या पोटाला फोम मारून तो तसाच उघडा सोडलेला असेल तर धोका सगळ्यात जास्त. आणि असा फोम असलेल्या शेडमध्ये फॅब्रिकेटरला बिनधास्त वेल्डिंग करू देणं म्हणजे गवताच्या गंजीशेजारी बिडी ओढणं. दाजींनी मेन स्विचच्या वर मोठ्या अक्षरात लिहूनच ठेवलंय, "छताला फोम आहे, विचारल्याशिवाय वेल्डिंग नाही".

आणि एकदा चिकटला की निघत नाही. पत्रा भंगारात द्यायचा म्हटलं तर भंगारवाला हात लावत नाही.

आता आईच्या स्लॅबचं सांगतो. जुना कोबा होता, त्याला बारीक भेगा होत्या, हॉलच्या कोपऱ्यात ओल यायची. दिवाळीनंतर काम काढलं, मध्येच एक अवकाळी सर येऊन गेली. सकाळी मी म्हटलं दोन दिवस थांबू या, तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "अहो साहेब ब्लोअर मारलाय, ठणठणीत कोरडं आहे, हात लावून बघा." हात लावला, कोरडंच लागलं. मारला फोम, मारलं कोटिंग, पांढरंशुभ्र दिसायला लागलं. एप्रिलमध्ये आईचा फोन, "अरे गच्चीवर पुऱ्या फुगल्यात बघ, ये एकदा." गेलो तर खरंच, ताटाएवढे फुगे, पाय ठेवला की खाली दबायचे आणि परत वर यायचे. एक कटरने कापला तर आतून चक्क पाणी आलं, आणि फोमची खालची बाजू जाळी पडलेल्या ढोकळ्यासारखी. झालं असं होतं की कोब्याच्या पोटात वर्षानुवर्षांचं पाणी होतं, वरून आपण झाकण लावलं, ऊन पडल्यावर त्याची वाफ झाली आणि तिने फोम उचलला. शिवाय आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे ओलसर जागेवर फोम नीट धरत नाही, खाली पोकळ राहतो. शेवटी फोम आणि कोबा दोन्ही फोडून काढले.

म्हणून ही टेस्ट करा, खर्च दहा रुपये. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, स्लॅबवर पसरा, चारी बाजूंनी टेप नीट दाबून लावा, आणि किमान सोळा तास ठेवा. आज संध्याकाळी लावलं तर उद्या दुपारी बघायचं. प्लास्टिकच्या आतून दव धरलं असेल किंवा खालचा स्लॅब आजूबाजूपेक्षा काळपट दिसत असेल तर आत पाणी आहे, काम थांबवा. एकाच ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी लावा, त्यातलं एक पन्हाळीच्या तोंडाशी आणि एक पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला, कारण पाणी तिथेच मुरतं.

पत्र्याला ही भानगड नाही, तिथे गंज बघायचा. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून मगच फोम. सैल स्क्रू बदला, कुजलेला पत्रा बदला, फोम मारल्यावर खालचा गंज दिसायचा बंद होतो, थांबत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर मात्र घासायचे नाहीत, त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कायमची.

वेळ कुठली? आपल्याकडे डिसेंबर ते मार्च, आणि सकाळी दव पूर्ण उडाल्यावर. कोकणात तर दहा-अकराच्या आधी गन हातात घेऊच देऊ नका. वाऱ्याचा दिवस टाळा. दाजींच्या वेळी दुपारी वारा सुटला आणि बाजूच्या काकांची पांढरी गाडी कांजिण्या झाल्यासारखी झाली, बारीक बारीक ठिपके, घासून निघेनात. ओलं असतानाच पुसलं तर निघतं, सुकलं की संपलं. पॉलिशवाल्याला पैसे देऊन आणि काकूंचं बोलणं ऐकून ते प्रकरण मिटलं. तेव्हा आजूबाजूच्या गाड्या आधीच हलवायला सांगा, पाण्याच्या टाक्यांची झाकणं लावून वर प्लास्टिक बांधा, एसीची बाहेरची युनिट बंद करून झाका.

घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर निदान एक दिवस नातेवाइकांकडे पाठवा. आयसोसायनेटची वाफ आणि उडणारा फवारा छातीला वाईट, एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशानेही दम लागतो. गन मारणाऱ्या पोराला बाहेरून हवा येणारा मास्क पाहिजे. तोंडाला रुमाल बांधून मारत असतील तर सरळ थांबवा, ती पोरं रोज हेच करतात.

काम चालू असताना तीन गोष्टी तपासता येतात. एक, थर. दोन इंच एका दणक्यात मारायचे नाहीत, एका वेळी अर्धा ते दीड इंच, मग थंड होऊ द्यायचं, मग पुढचा. रिॲक्शनमध्ये बरीच उष्णता निघते, जाड थर आतून करपतो, अगदी वाईट वेळी पेटतोसुद्धा. दोन, जाडी. दाभणावर दोन इंचाला खूण करा आणि दहा-बारा ठिकाणी टोचून बघा, मधोमध नव्हे, कडांना, कारण मारणारा कडेला हात आखडतो. कोटिंगच्या आधीच हे करा म्हणजे भोकं बुजतात. तीन, घनता, आणि ही माझी आवडती. छपरासाठी क्यूबिक मीटरला ४० ते ४५ किलोचा फोम मागा. दहा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटरचा, पाच सेंटीमीटर जाडीचा चौकोन कापून ओळखीच्या सोनाराकडे न्या, २० ते २२ ग्रॅम भरला पाहिजे. १४-१५ भरला तर हलका माल मारलाय. फोम चिरमुऱ्यासारखा कुस्करला जात असेल किंवा उलट स्पंजसारखा मऊ राहून वास मारत असेल तर दोन ड्रमचं प्रमाण बिघडलंय, तेवढा भाग कापून परत मारायला लावा.

ह्याच हिशोबाने ड्रमही मोजता येतात. हजार स्क्वेअर फुटांना दोन इंच मारायचं तर दोन्ही मिळून १९० ते २१० किलो केमिकल जायलाच हवं, वर थोडं वाया जातं ते वेगळं. संध्याकाळी ड्रम अर्धे भरलेले परत चालले असतील तर विचारा. ड्रमवरची तारीखही बघा. फुगवायला काय वापरलंय तेही विचारा, ओझोनला मारक म्हणून एचसीएफसी-१४१बी ची आयात भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे कुणी जुना स्टॉक आहे म्हणून स्वस्तात देत असेल तर नको म्हणा.

मग मारायचा कुणी? माझं मत, शेडचा चांगला पत्रा, वर कुणी चढत नाही, आत माणसं काम करतात, तर खुशाल मारा, वरून. कोल्ड स्टोरेज असेल तर प्रश्नच नाही. राहत्या घराची वापरातली गच्ची आणि पोटात जुना ओला कोबा असेल तर नको. आईकडे आम्ही कोबा काढून वॉटरप्रूफिंग परत केलं, पॅरापेटच्या कडेने वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) नीट मारून घेतला आणि वर नुसतं पांढरं उष्णता परतवणारं कोटिंग लावलं. फोमएवढा फरक नाही पडला, खोटं कशाला सांगू, पण पैसे बरेच कमी लागले आणि मे महिन्यात आई आता अनवाणी गच्चीवर कुरडया घालते.

मारून झाल्यावर वर्षातून दोनदा वर जाऊन बघायचं, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा पाऊस संपल्यावर. पन्हाळीतला पाला काढायचा, चोचीची भोकं, चिरा दिसल्या तर कोरड्या दिवशी त्याच जातीच्या सीलंटने बुजवायच्या. दाजींकडे त्यासाठी सिलिकॉनची एक ट्यूब आणि कोटिंगचा उरलेला डबा ऑफिसच्या कपाटात असतो, आणि डब्याला तो सोनाराकडे वजन केलेला फोमचा तुकडा दोऱ्याने बांधलाय, त्यावर पेनने तारीख आणि २१ ग्रॅम.